वडिलांचे विस्मरण आणि घराची कागदपत्रे : बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र की मृत्युपत्र?

प्रश्न :
माझ्या वडिलांचे वय 78 असून, विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असल्याचे निदान दोन महिन्यांपूर्वी झाले आहे. ते व्यवहार अजून नीट समजून बोलतात. मात्र गेल्या आठवड्यात धनादेशावर सही करताना आडनावाशी येऊन त्यांचा हात थांबला आणि ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. स्वकष्टार्जित घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि आईला स्वतःचे उत्पन्न नाही. घराचे बक्षीसपत्र आताच आपल्या नावे करून घ्यावे व बँकेच्या कामांसाठी मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) घ्यावे, असे भावाचे म्हणणे आहे. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु आईच्या निवाऱ्याची काळजी वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1 (दिवाणी वकील) :
ताई, बक्षीसपत्राची घाई करू नका. ते नोंदवून पूर्ण झाले की मालकी लगेच जाते, आणि पुढे नाते बिघडले म्हणून देणाऱ्याला ते आपल्या मर्जीने मोडता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. परंतु अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले आहे. शिवाय हे कलम मालमत्ता देणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, आणि घर आईचे नाही.

मुखत्यारपत्राची अडचण याहून मोठी आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी भाऊ ते करून ठेवू पाहतो, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होते.

माझ्या मते मृत्युपत्र करावे, तेही याच महिन्यात. त्यात घर आईला द्यावे, निदान तिचा हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट लिहावा. दोन साक्षीदार लागतात. त्यांपैकी कोणी लाभार्थी नसावा. वडिलांना मजकूर समजतो, असे डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या.

प्रतिसाद 2 (निवृत्त बँक अधिकारी) :
खाते आईसोबत संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ ही सूचना द्या, म्हणजे रोजच्या खर्चासाठी मुखत्यारपत्राची गरजच उरणार नाही. नामनिर्देशन (खातेदाराच्या मागे रक्कम स्वीकारणाऱ्याचे नाव) तपासा, 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र नामनिर्देशनात ज्याचे नाव, त्याचाच पैसा, ही समजूत चुकीची आहे. तो रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारतो. सही जमेनाशी झाली तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. माझ्या नोकरीत अशा कित्येक ठशांसाठी मी घरी गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी खातेदाराशी आधी एकट्याने बोललो आहे.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. घर कोणाला द्यायचे, हे वडिलांना अजून कोणी विचारलेच नव्हते, हे वरचे वाचताना लक्षात आले. सकाळी त्यांची समज सर्वांत स्वच्छ असते. उद्या त्याच वेळी मी त्यांच्यापाशी बसणार आहे.