पट्टा काढला तेव्हा कुत्रा आत आला

कुत्र्यासाठीचं न दिसणारं कुंपण म्हणजे जमिनीत पुरलेली तार: कुत्रा तिच्याजवळ गेला की त्याच्या गळ्यातला पट्टा आधी वाजतो आणि मग शॉक देतो. "कुत्रा आवारात राहिल्याशी मतलब, कुंपण दिसो वा न दिसो" हे त्याबद्दलच्या चर्चेत आलेलं म्हणणं मला अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांचे नियम नेमका इथेच फरक करतात: साध्या पाळीव कुत्र्याला जमिनीत पुरलेली तार चालते, पण 'धोकादायक' ठरवलेल्या कुत्र्याला खरंखुरं बंदिस्त कुंपणच लागतं. वेल्समध्ये तर २०१० पासून शॉक देणारे पट्टे वापरायलाच बंदी आहे, आणि त्यात तारेवर चालणारे पट्टेही आले.

एक मुद्दा इथे कुणी मांडला नाही. ही तार दोन्ही बाजूंनी सारखीच काम करते. आमचा कुत्रा एकदा मांजरामागे धावला आणि त्या झपाट्यात शॉक खाऊनही रेषेपलीकडे गेला. मांजर पसार! आता घरी यायचं, तर पट्टा पुन्हा पिपाणी वाजवायला लागला. पठ्ठ्या रेषेबाहेर बसून नुसता कुंईकुंई करत राहिला. शेवटी मी जाऊन पट्टा काढला, तेव्हा कुठे आत आला, तोही शेपूट पोटाशी घेऊन. बाहेरून येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना तर तार अडवतच नाही, त्यांच्या गळ्यात पट्टा कुठे असतो?