शब्दचर्चा : ‘प्लॅस्टिकचं पिस्तूल’ आणि ‘बनावटी’चा घोळ

मुद्रितशोधक
मागे आमच्या जिल्हा पानावर एक बातमी होती : ‘तरुणाकडून विदेशी बनावटीचे प्लॅस्टिकचे पिस्तूल जप्त’. मथळा एका कॉलमात बसेना, म्हणून मी ‘बनावटीचे’चं ‘बनावट’ केलं. सकाळी वाचकाचा फोन : “खेळण्यातलं पिस्तूल बाळगलं म्हणून पोराला आत टाकलंत होय?” त्याचं काय चुकलं? ‘बनावट’ आणि ‘प्लॅस्टिकचे’ शेजारी बसले की दुसरा अर्थ निघणार कसा! पिस्तूल मात्र खरंच होतं, ऑस्ट्रियाच्या ‘ग्लॉक’ पिस्तुलाच्या धाटणीचं, पॉलिमरच्या (म्हणजे मजबूत प्लॅस्टिकच्या) सांगाड्याचं. तर दोन शंका. ‘बनावटीचे’ हा शब्द टाकून द्यावा का? आणि ‘प्लॅस्टिकचे पिस्तूल’ म्हणणं बरोबर आहे का?

शुद्धलेखनवाली
दादा, ‘चे’ कापलंत आणि पिस्तूल खोटं झालं! ‘बनावट’ हे स्त्रीलिंगी नाम म्हणजे घडण, तयार करण्याची रीत. त्याचं सामान्यरूप ‘बनावटी’, त्याला ‘चे’ लागून ‘जर्मन बनावटीचे घड्याळ’. विशेषण म्हणून आलं की तोच शब्द नकली होतो : बनावट नोट, बनावट सही. हिंदीत उलटं आहे. तिथे ‘बनावट’ म्हणजे रचना आणि नकलीला ‘बनावटी’. हिंदी बातमी समोर ठेवून मराठी करणाऱ्यांची इथेच फसगत होते. माझ्यापुरतं सांगायचं तर शस्त्रांच्या बातमीत मी हा शब्द वापरतच नाही. ‘ऑस्ट्रियात तयार झालेले’ लिहिते. (आणि ऑस्ट्रियाच हो. ‘ऑस्ट्रेलियन ग्लॉक’ वाचलं की पेपर बाजूला ठेवावासा वाटतो.)

खोपोलीकर
पण तयार तिथेच झालं हे ठरवलं कुणी? बिहारमधल्या मुंगेरला चोरून घडवलेल्या पिस्तुलांवर ‘मेड इन यूएसए’, ‘मेड इन इटली’ असं कोरलेलं सापडतं, ही जुनीच गोष्ट आहे. पोलीस पंचनाम्यात जे कोरलंय ते उतरवून घेतात, वार्ताहर पंचनाम्यातून उचलतो आणि मुंगेरचा माल पेपरात इटलीचा होतो. तेव्हा ‘विदेशी बनावटीचे बनावट पिस्तूल’ हा शब्दप्रयोग विनोदी वाटला तरी कधी कधी अगदी अचूक ठरेल! माझं मत, ‘इटलीचा छाप असलेले’ लिहावं. छाप आहे एवढंच आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

साचेवाला
दुसऱ्या शंकेबद्दल बोलतो. प्लॅस्टिकचे साचे बनवण्यात माझी वीस वर्षं गेली. मराठीत ‘प्लॅस्टिकचं’ म्हटलं की बादली, मग, जत्रेतली बाहुली डोळ्यांपुढे येते. स्वस्त आणि उन्हात तडकणारं. हा त्या शब्दाचा दोष नाही, आपण ज्या वस्तूंना तो लावत आलो त्यांचा आहे. ग्लॉकचा सांगाडा नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरचा असतो. नायलॉनच्या दोरीला कोळी कधी ‘प्लॅस्टिकची दोरी, तुटेल’ म्हणतो का?

ग्लॉक हे काही असलं पहिलं पिस्तूल नव्हे. हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीचं व्हीपी ७० हे पॉलिमर सांगाड्याचं पिस्तूल १९७० मध्येच आलं होतं. ग्लॉक कंपनीचे संस्थापक गास्टोन ग्लॉक पिस्तुलाकडे वळण्याआधी पडद्यांचे दांडे आणि सुऱ्या बनवत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचं पिस्तूल घेतलं, तेव्हाही ‘प्लॅस्टिकवर भरवसा कसा ठेवायचा’ अशी कुरकुर झालीच. पुढे जगभरच्या पोलिसांनी तेच उचललं. रिकामं पिस्तूल मॅगझिनशिवाय (गोळ्यांच्या पेटीशिवाय) सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि त्यातलं बहुतेक वजन पोलादाचं. नळी पोलादी, वरची सरकणारी स्लाइड पोलादी. पॉलिमर असतो तो मुठीत आणि सांगाड्यात. म्हणून ‘प्लॅस्टिकचं पिस्तूल’ म्हणणं म्हणजे लाकडी मूठ बघून कोयत्याला लाकडाचा म्हणणं.

विश्वकोशी मराठीत पॉलिमरला ‘बहुवारिक’ आहे. बातमीत नको. वाचक पान उलटेल.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत या शब्दानेच एकदा घबराट उडवली होती. १९८० च्या दशकात ‘प्लॅस्टिकची पिस्तुलं विमानतळावर दिसणारच नाहीत’ अशी ओरड झाली. वर सांगितलेलं पोलाद यंत्रात सरळ दिसतं, तरी १९८८ मध्ये कायदा झाला की शोधकयंत्राला किमान ३.७ औंस, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम, पोलादाइतकी खूण मिळालीच पाहिजे. ग्लॉकमध्ये त्याच्या कितीतरी पट पोलाद आहे. एका हॉलिवूडपटाने १९९० मध्ये ग्लॉकला चक्क चिनी मातीचं ठरवलं, जर्मनीतलंही म्हणे! लोकांनी ते खरं मानलं.

आणखी एक. इथल्या कायद्याने पिस्तूल म्हणजे त्याचा सांगाडा. नळी, स्लाइड हे नुसते सुटे भाग. क्रमांक सांगाड्यावरच हवा, आणि प्लॅस्टिकवरचा क्रमांक घासून काढणं सोपं, म्हणून पॉलिमरमध्ये धातूची छोटी पट्टी बसवून तिच्यावर तो कोरतात. अर्धवट घडवलेले सांगाडे क्रमांकाविना विकायचा धंदा सुरू झाला, त्या पिस्तुलांना इथे ‘घोस्ट गन’ म्हणतात. त्यावर २०२२ मध्ये नियम झाला आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मराठीत मी ‘भुताची बंदूक’ वाचलंय. हसू आवरेना. ‘बिननंबरी पिस्तूल’ का नको?

निवृत्त हवालदार
बिननंबरी झकास. आमच्या शस्त्रागारात ‘बट नंबर’ चालायचा, तो खात्याचा. कारखान्याचा वेगळा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ८ आहेच, ओळखखूण खोडणं हा गुन्हा. तिथे ‘नंबर पुसला’ लिहू नका. पुसतात ती पाटी, नंबर खोडतात.

दुसरं, ‘घोडा ओढला’ हे ग्लॉकला चालत नाही. घोडा म्हणजे मागची हातोडी, आणि या पिस्तुलाला बाहेर हातोडीच नाही. आत कांडी असते, ती गोळीवर आपटते. बोटाने ओढतात तो चाप. मुंबईत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात ते सोडा.

शुद्धलेखनवाली
काका, बरं झालं सांगितलंत. मग ‘छाप’ आणि ‘शिक्का’ हेही वेगळे ठेवूया. छाप बनवणाऱ्याचा. विडीच्या बंडलावर असतो तसा कुणीही मारतो. शिक्का अधिकाराचा. ऑस्ट्रियात सरकारी चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून बघतात, शस्त्र टिकलं तर त्यावर खूण ठोकतात. तो शिक्का, सोन्यावरच्या हॉलमार्कसारखा. मुंगेरवाला कोरतो तो छापच. ‘इटलीचा शिक्का’ लिहिलं तर त्याला फुकटची पत मिळते.

मुद्रितशोधक
टिपून घेतलं. मथळा आता असा करतो : ‘ऑस्ट्रियाचा छाप असलेले पिस्तूल जप्त’. दोन ओळींत बसतोय. ‘प्लॅस्टिक’ मथळ्यातून गेलं, आत ‘पॉलिमरचा सांगाडा’. वार्ताहराने ‘ती पिस्तूल’ लिहिली होती, तीही ‘ते’ केली. त्यावर तो म्हणतो, आमच्याकडे तीच म्हणतात.