हॉवर्ड थर्मन: मोर्च्याच्या पुढे न चाललेल्या माणसाला चळवळीचा म्हणायचं का?

वाटसरू

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावं येतात. हॉवर्ड थर्मन हे नाव सहसा कुणी घेत नाही. मीही महिन्याभरापूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. आता त्यांचं १९७९ साली आलेलं आत्मचरित्र वाचून संपवलंय, आणि एका प्रश्नावर इथल्या जाणकारांशी बोलायचंय.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म १८९९, वाढले फ्लोरिडातल्या डेटोनात. सात वर्षांचे असताना वडील गेले. वडील चर्चचे सभासद नव्हते, म्हणून चर्चच्या पाद्र्याने अंत्यविधीला नकार दिला. एक फिरता धर्मोपदेशक तयार झाला, पण त्याने शवपेटीसमोर उभं राहून हा माणूस नरकात गेला असं भर चर्चमध्ये सांगितलं. आई आणि आजीच्या शेजारी बसून पोरगा हे ऐकत होता. मोठा झालो की चर्चशी संबंध ठेवणार नाही, असं त्याने तिथेच ठरवलं. तोच पुढे बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री झाला.

काळ्या मुलांसाठी गावात सातवीपुढे वर्ग नव्हता. मुख्याध्यापकांनी आठवी स्वतः शिकवली. पुढच्या शिक्षणासाठी जॅक्सनव्हिलला निघाले तेव्हा जवळ एक जुनी ट्रंक होती, कडी नसलेली, दोरीने बांधलेली. स्टेशनवरच्या कारकुनाने सांगितलं, चिठ्ठी कडीलाच लागते, ही ट्रंक तिकिटावर जाणार नाही, वेगळे पैसे भरून पाठवावी लागेल. तेवढे पैसे नव्हते. मुलगा पायऱ्यांवर बसून रडायला लागला. कामाच्या कपड्यातला एक अनोळखी काळा माणूस आला, विचारपूस केली, पैसे भरले आणि पावती हातात देऊन निघून गेला. नावही सांगितलं नाही. पासष्ट वर्षांनी थर्मननी आत्मचरित्र त्याच माणसाला अर्पण केलं.

पुढचं थोडक्यात: अटलांटाचं मोरहाउस कॉलेज, रॉचेस्टरला धर्मशास्त्राचं शिक्षण, ओहायोत पाद्री, १९३२ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चॅपलचे, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहाचे डीन, १९३५-३६ मध्ये भारताचा दौरा, १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सर्व वंशांच्या लोकांचं चर्च, १९५३ पासून बॉस्टन विद्यापीठात डीन. १९८१ साली गेले.

१९४९ च्या पुस्तकात त्यांनी एकच प्रश्न लावून धरलाय: ज्यांना मागे सरायला जागाच उरलेली नाही, त्यांना येशूचा धर्म काय देतो? त्यांचं म्हणणं, येशू स्वतः गरीब ज्यू होता, रोमन सत्तेखाली चिरडलेल्या समाजातला, नागरिकत्वाचे हक्क नसलेला. म्हणजे तो मालकांचा नव्हे, दबलेल्यांचा माणूस. आणि दबलेल्या माणसाच्या मागे भीती, लबाडी आणि द्वेष हे तिघे लागतात. ते आतून कसे हटवायचे, यावर सगळं पुस्तक.

पण ते कधी मोर्च्याच्या पुढे चालले नाहीत, संघटना काढली नाही, तुरुंगात गेले नाहीत. त्यांना चळवळीचा माणूस म्हणायचं का? माझं मत: हो, आणि पहिल्या फळीतला.

रोखठोक

ठाम असहमत.

१९५५ च्या डिसेंबरात, बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवण्याविरुद्ध, माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला. मोलकरणी मैलोन्मैल चालत कामाला गेल्या. किंगच्या घरावर बॉम्ब पडला. त्या वेळी तुमचे थर्मन बॉस्टनच्या विद्यापीठात डीनच्या पदावर होते. लोकांना अंगावर घेणारा माणूस हवा होता आणि हे ध्यान, मौन, अंतर्मन यावर बोलत राहिले. ही टीका त्यांच्या हयातीतच झाली आहे, मी नव्याने काही म्हणत नाही.

आणि मनातला द्वेष काढा, हा उपदेश दबलेल्याला का? द्वेष कुणी पेरला? मालकाला असा उपदेश नेहमीच सोयीचा पडतो. शांत मनाचा गुलाम कुठल्या मालकाला नको असतो?

वाटसरू

रोखठोक, शेवटचं वाक्य थर्मनना लागू होत नाही, कारण त्यांना घडवणारी बाई स्वतः गुलामगिरीत वाढली होती.

आजी, नॅन्सी अँब्रोज. तिला वाचता येत नव्हतं, हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं, यशया, शुभवर्तमानं सगळं चालायचं. बायबलातली प्रेषित पॉलची पत्रं मात्र ती वाचू द्यायची नाही, प्रेमावरचा एक अध्याय सोडून. कॉलेजात गेल्यावर त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, गुलामगिरीत मालकाचा गोरा पाद्री यायचा आणि 'दासांनो, धन्याची आज्ञा पाळा' हेच पॉलचं वचन पुन्हा पुन्हा सांगायचा. मी तेव्हाच ठरवलं, कधी मोकळी झाले आणि वाचायला शिकले, तर हा भाग वाचायचा नाही.

अशा घरातला माणूस मालकाच्या सोयीचं बोलेल? द्वेष सोडा असं ते म्हणतात ते मालकाला माफी म्हणून नाही. द्वेष आधी त्यालाच खातो ज्याच्या मनात तो राहतो, आणि मग लढायला माणूस शिल्लक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

माणसं घडवण्याचं म्हणाल तर हॉवर्ड विद्यापीठातला त्यांचा विद्यार्थी जेम्स फार्मर. १९४२ साली 'कोअर' ही वंशभेदाविरुद्ध लढणारी संघटना स्थापणाऱ्यांपैकी एक. १९६१ च्या फ्रीडम राइड्स, म्हणजे काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून दक्षिणेत केलेले बसप्रवास, याच संघटनेचे. किंग बॉस्टनला पीएचडी करत असताना थर्मनच्या घरी टीव्हीवर बेसबॉल बघायला जायचे. १९५८ साली हार्लेममध्ये किंगच्या छातीत एका बाईने पाकिटं फोडायची धारदार सुरी खुपसली, तेव्हा थर्मन दवाखान्यात भेटायला गेले आणि म्हणाले, डॉक्टरांनी जेवढी विश्रांती सांगितली त्याच्यावर आणखी दोन आठवडे घे, चळवळीपासून लांब बसून विचार कर. ज्याला सगळे पुढे ढकलत होते, त्याला थांब म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

निळी पहाट

जय भीम.

आजीचा प्रसंग वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो रोखठोक यांच्यापेक्षा वेगळा आहे.

तारखा बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच महिन्यात थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन आणि कॅरोल दांपत्य कोलंबोला उतरले. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते बार्डोलीला गांधीजींना भेटले. मे महिन्यात बाबासाहेबांचं 'जातिनिर्मूलन' छापून आलं. म्हणजे हा देश जातीच्या प्रश्नावर पेटलेला असताना ते इथं होते.

आणि अस्पृश्यतेचं त्यांनी काय नोंदवलं? गांधींनी अस्पृश्य मूल आपल्या घरात घेतलं, 'हरिजन' हे नाव दिलं, हे ते आदराने सांगतात. ज्यांना हे नाव चिकटवलं त्यांना कुणी विचारलं होतं का? गोऱ्यांनी काळ्यांना उद्या एखादं गोड नाव दिलं असतं, तर थर्मननी ते असंच स्वीकारलं असतं? महादेवभाई देसाईंनी 'हरिजन' साप्ताहिकात या भेटीचं वृत्त दिलं आहे. त्यात पाहुणे बोलतात, यजमान बोलतात. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांचा आवाज नाही. येशूकडे खालून बघायला शिकवणाऱ्या माणसाने आमच्याकडे वरून बघितलं, याचं मला दुःख आहे.

१९४६ साली बाबासाहेबांनी स्वतः अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रो काँग्रेसने केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डुबॉइसनी उत्तरही दिलं. खरा धागा तो आहे. बार्डोलीचा नाही.

नागपूरकर

निळी पहाट ताई, मुद्दा रास्त. फक्त एक भर घालतो, ती आपल्या भागातली म्हणून.

थर्मनचे मोरहाउसचे स्नेही बेंजामिन मेज, तेही बाप्टिस्ट पाद्री, १९३६ सरता सरता वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडे अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत ते गेले. मुख्याध्यापकांनी मुलांसमोर त्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतले अस्पृश्य म्हणून. मेजना आधी धक्का बसला, रागही आला. मग त्यांच्या लक्षात आलं की शब्द खरा आहे. हे त्यांनी आत्मचरित्रात प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणजे या मंडळींना ओळख पटली, पण ती आपल्या माणसांनी समोर उभं राहून पटवून द्यावी लागली.

दुसरे जेम्स लॉसन. मेथडिस्ट पंथाचे, १९५३ ते १९५६ आमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजात होते. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी इथल्या वर्तमानपत्रात वाचली. परत जाऊन नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांना शिकवलं: अंगावर थुंकलं तरी हात उचलायचा नाही, खुर्ची सोडायची नाही. १९६० ची नॅशव्हिलमधली, फक्त गोऱ्यांसाठीच्या खानावळींत बसून राहण्याची आंदोलनं त्यातून उभी राहिली. रोखठोक, माझा कौल तुमच्याकडे थोडा झुकतो. तेच अध्यात्म लॉसननी खानावळीच्या टेबलापर्यंत नेलं, थर्मननी नेलं नाही.

वाटसरू

निळी पहाट, 'हरिजन'बद्दल माझ्याकडे बचाव नाही. तो शब्द त्यांनी तपासायला हवा होता.

पण दौऱ्यात ते आरामात फिरत होते असं नाही. कोलंबोला कायद्याच्या एका अभ्यासकाने त्यांना तोंडावर विचारलं: ख्रिश्चनांनी तुमच्या पूर्वजांना जहाजात कोंबून नेलं, विकलं, आजही तुम्हाला जाळून मारतात, आणि तुम्ही त्याच धर्माचे म्हणून इथं येता? तुम्ही साऱ्या काळ्यासावळ्या लोकांशी द्रोह करताय. थर्मन त्याच्याशी तासन्‌तास बोलले. १९४९ साली आलेलं ते पुस्तक याच माणसाला दिलेलं उत्तर आहे, आणि त्यात सुरुवातीलाच तो प्रसंग येतो.

बार्डोलीतही गांधीजींनी उलट प्रश्न केला होता: गुलाम मुसलमान का झाले नाहीत? त्या धर्मात तरी मालक आणि गुलाम एका ओळीत उभे राहतात. आणि थर्मननी विचारलं, अहिंसेची चळवळ थंड का पडली, तर उत्तर आलं की लोक उपाशी आहेत आणि त्यांचा स्वाभिमान गेलाय. तो इंग्रजांमुळे नाही, अस्पृश्यतेमुळे गेला.

पैलतीर

मी इथे बे एरियात राहते. सॅन फ्रान्सिस्कोतलं त्यांचं चर्च लार्किन स्ट्रीटवर आजही चालू आहे. मी गेले त्या रविवारी माणसं मोजकीच होती.

रस्ता म्हणजे फक्त मोर्चा नाही, एवढंच मला म्हणायचंय. १९४२ साली जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत टाकलं होतं. रिकाम्या झालेल्या त्या वस्तीत दक्षिणेकडून जहाजबांधणीच्या कामाला आलेली काळी कुटुंबं राहायला आली. अशा शहरात, युद्ध चालू असताना, हॉवर्ड विद्यापीठातली पक्की नोकरी सोडून हा माणूस येतो आणि आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या पाद्र्याबरोबर, सगळ्या वंशांचे लोक एकत्र बसतील असं चर्च चालवतो. रविवारची सकाळ, म्हणजे चर्चची वेळ, हीच अमेरिकेत काळे-गोरे सर्वांत वेगवेगळे बसण्याची वेळ होती. ती मोडायला निघणं सोपं नव्हतं.

आणि त्यांच्या मुलींचा प्रसंग राहिलाच. फ्लोरिडात बागेतले झोपाळे दिसले, मुली म्हणाल्या, बसू का? ते म्हणाले, घरी गेल्यावर सांगतो. घरी सांगितलं: तुम्हा दोन लहान काळ्या मुलींना त्या झोपाळ्यांवरून दूर ठेवायला विधिमंडळ लागतं, कोर्टं लागतात, पोलीस लागतात, शेरीफ लागतो, गोऱ्यांची चर्च लागतात. इतक्या तुम्ही मोठ्या आहात.

मी दोन मुलींची आई आहे. शाळेतून एखादा शब्द ऐकून त्या घरी येतात तेव्हा मला मोर्चा नाही, हे वाक्य लागतं.

रोखठोक

पैलतीर ताई, प्रसंग मला माहीत नव्हता. सुंदर आहे, मान्य. पण त्या झोपाळ्यांवर काळ्या मुली बसल्या त्या बापाच्या वाक्याने नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं खटले चालले आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व्हावा लागला. त्याआधी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर शाळकरी पोरांनी पाण्याचे फवारे आणि कुत्रे झेलले. थर्मन मोठे होते, शिक्षक होते. पहिल्या फळीतले नव्हते. मी तिथेच आहे.

वाटसरू

ती शाळकरी पोरं घरून निघताना त्यांच्या मनात काय होतं, हाच माझा प्रश्न आहे. विधिमंडळ आपल्याला घाबरतं हे आधी कुणीतरी घरात सांगितलेलं असल्याशिवाय दहा वर्षांचं पोर पोलिसांच्या कुत्र्यासमोर उभं राहत नाही. 'पहिली फळी' हा शब्द मात्र मागे घेतो, त्याने चर्चा उगाच रांगेत कोण कुठे यावर गेली.

निळी पहाट

माझा आक्षेप अजून आहे, तो कुठे अडतो तेवढं सांगते आणि थांबते.

थर्मनच्या आजीने पुस्तकातला तो भाग गाळला, पुस्तक ठेवलं. कोलंबोच्या माणसानेही हेच विचारलं होतं की ठेवता कशाला, आणि थर्मन आयुष्यभर का ठेवायचं ते सांगत राहिले. माझ्या आजीने १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. गावी परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडून आली. तिलाही अक्षर येत नव्हतं. शाळेत असताना मी तिला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून दाखवायचे, संध्याकाळी, चुलीपाशी. एखादं पान परत वाच म्हणायची. गाळ असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.