मदत हवी आहे : स्वतःचेच ढोल बडवणाऱ्या नेत्याला नेमकं काय म्हणायचं?

एका लेखासाठी शब्द शोधतोय, दोन दिवस तिथेच अडकलोय. नेता असा की पूल आधीच्या लोकांनी मंजूर केलेला, पैसा जनतेचा, हा फक्त फीत कापतो आणि मग प्रत्येक भाषणात 'माझा पूल', 'मी होतो म्हणून झालं'.

बढाईखोर लिहून पाहिलं, चुकीचं नाही पण फार मवाळ वाटतं, गप्पा हाणणाऱ्या कुणालाही चालतं. थापाड्या नको कारण काम खरंच झालेलं असतं, फक्त त्याचं नसतं. वाचाळमध्ये नुसती बडबड आली. वल्गना म्हटलं की पुढे काय करून दाखवीन त्याची गर्जना डोळ्यासमोर येते, हा तर झालेल्या गोष्टींवर बोलतो. राणा भीमदेवी थाट मला फार आवडतो पण तो बोलण्याच्या आवेशाला लागू होतो, माणसाला नाही. आत्मप्रौढी सगळ्यात जवळचा, पण ते नाम झालं, आणि 'आत्मप्रौढी मिरवणारा' दर वेळी लिहिलं की वाक्य लांबतं. गाडीखालच्या कुत्र्याची उपमा अर्थाने अगदी चपखल, पण लेखात ती शिवीसारखी लागेल.

मला विशेषण हवंय, शक्यतो एकच शब्द, बाई-पुरुष दोघांना चालेल असा. बोलीभाषेतला असला तरी चालेल, फक्त कुठल्या पक्षाच्या टोमण्यातून आलेला नको. स्वतःची स्तुती आणि दुसऱ्याचं श्रेय लाटणं, दोन्ही एकत्र सांगणारा असा शब्द मराठीत आहे का?