मदत हवी आहे: मेल आर्काइव्हमध्ये नव्या माणसाला जुन्या माणसाचे मेल सर्चमध्ये दिसतात, परवानगी कशी बांधू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी आयटी बघतो. एकटाच आहे, त्यामुळे विचारायला इथेच येतो. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून मग सल्ला द्या ही विनंती.

आमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्सवर आहे. २०१८ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत पाइलर या ओपन सोर्स आर्काइव्हमध्ये पडते. तेव्हा कारण साधं होतं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, कंपनी कायद्याने हिशेबाची वह्या-पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. माणसं मात्र इनबॉक्स भरला की सरळ डिलीट मारतात.

पाइलरमध्ये युजरचे प्रकार ठरलेले आहेत. साधा युजर फक्त स्वतःच्या पत्त्यावरचे मेल शोधू शकतो. ॲडमिन सेटिंग बदलतो, पण त्याला मेल दिसत नाहीत. ऑडिटरला सगळ्यांचं सगळं दिसतं. साध्या युजरच्या फॉर्ममध्ये एक चौकोन असतो, त्यात त्याचे मेल पत्ते एकाखाली एक लिहायचे. जो पत्ता त्यात लिहिला, त्या पत्त्याने पाठवलेलं आणि त्या पत्त्याला आलेलं सगळं त्याला सापडतं. इतकं सोपं, म्हणून मी कधी फार विचारच केला नाही.

आमच्याकडे पत्ते माणसांच्या नावाने नाहीत, पदाच्या नावाने आहेत. स्टोअरचा एक, परचेसचा एक, डिस्पॅचचा एक. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा आणि पत्ता पुढच्याच्या हातात द्यायचा. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

मागच्या महिन्यात स्टोअरला नवा मुलगा आला. मी त्याचं आर्काइव्हचं लॉगिन केलं, चौकोनात स्टोअरचा पत्ता टाकला आणि विसरलो. त्याला सँड प्लँटच्या एका जुन्या दुरुस्तीचं बिल हवं होतं. त्याने 'सँड प्लँट' असा सर्च मारला. बिलं आली, कोटेशनं आली, आणि मधेच एक मेल आला ज्याचा विषय फक्त 'तक्रार' असा होता. त्याने उघडला.

त्याच्या आधी त्या खुर्चीवर ज्या ताई होत्या, त्यांनी अंतर्गत समितीला (कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती) स्टोअरच्याच पत्त्यावरून तो मेल लिहिला होता. त्यांच्याकडे दुसरा पत्ताच नव्हता. घटना सँड प्लँटच्या मागच्या बाजूला घडली होती, म्हणून ते दोन शब्द मेलमध्ये होते आणि सर्चने इमानदारीत शोधून दिले.

मुलगा चांगला आहे. दुपारी माझ्याकडे आला, दार लावलं आणि म्हणाला, "सर, एक मेल दिसला मला. दिसायला नको होता." माझे हातपाय गार पडले. लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ च्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर आणि तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवायची असते. ताईंनी समितीवर विश्वास ठेवून लिहिलेलं पत्र माझ्या एका चौकोनामुळे तिसऱ्याच्या हातात गेलं. हे मला फार लागलंय.

त्याचं लॉगिन मी लगेच बंद केलं. आता प्रश्न असे:

पत्त्याला तारखेची मर्यादा घालता येते का? म्हणजे स्टोअरचा पत्ता या मुलाला तो रुजू झाला त्या दिवसापासूनच दिसावा. सर्चच्या पानावर 'या तारखेपासून' असा रकाना आहे, पण ती शोधणाऱ्याची सोय झाली, कुंपण नव्हे.

दुसरं, जीएसटीची एक नोटीस आली होती तेव्हा अकाउंट्सच्या साहेबांना मी ऑडिटर केलं होतं. ते अजून ऑडिटरच आहेत. आणि आता मालक म्हणतात, मलाही सगळं दिसलं पाहिजे. त्यांना नाही कसं म्हणू, आणि म्हणू का?

तिसरं, समितीचे मेल आर्काइव्हमध्ये जाऊच नयेत असा नियम लावू का?

प्रतिसाद १

तारखेची मर्यादा त्या चौकोनात नाही, शोधत बसू नका. परवानगी पत्त्यावर चालते आणि पत्ता माणसापेक्षा जास्त जगतो, हेच तुमच्या घोळाचं मूळ आहे.

मी असं करतो. नव्या माणसाला त्याच्या नावाचा नवा पत्ता द्या. आर्काइव्हमध्ये त्याच्या चौकोनात फक्त तोच लिहा. स्टोअरचा जुना पत्ता मेल सर्व्हरवर त्याच्याकडे वळवा, म्हणजे सप्लायरचे मेल अडणार नाहीत. पण आर्काइव्हमध्ये जुना पत्ता कोणाच्याच नावावर ठेवू नका.

एक अडचण आधीच सांगतो. वळवलेल्या मेलच्या हेडरमध्ये (मेलच्या वरच्या, कोणाकडून-कोणाला या भागात) 'प्रति' म्हणून जुनाच पत्ता राहतो. त्यामुळे तो मेल मुलाच्या इनबॉक्समध्ये दिसेल, आर्काइव्हच्या सर्चमध्ये नाही. म्हणून सप्लायरना नवा पत्ता कळवा आणि दोन-तीन महिने पाठपुरावा करा. बीसीसीने आलेल्या मेलचंही तसंच. हेडरमध्ये नाव नाही म्हणजे साध्या युजरला सर्चमध्ये सापडत नाही. नंतर कोणी 'माझा मेल गेला कुठे' म्हणून आलं तर घाबरू नका.

जुनी बिलं लागतात ती मुलाने लेखी मागावीत, ऑडिटरने शोधून तेवढीच काढून द्यावीत. काम वाढतं, हे मान्य.

प्रतिसाद २

समितीचे मेल आर्काइव्हमधून वगळू नका! नियम लावून वगळता येतात, पण उद्या प्रकरण न्यायालयात गेलं आणि तक्रार कधी केली हाच वाद निघाला, तर ती तारीख त्या ताईंच्या बाजूचा पुरावा आहे. तो तुम्ही स्वतःच्या हाताने पुसाल.

समितीला वेगळं सबडोमेन द्या, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढचं नाव कंपनीपेक्षा वेगळं. पाइलरच्या कॉन्फिगमध्ये ऑडिटरला त्याच्या डोमेनपुरतंच बांधायची सेटिंग आहे, मूळ स्थितीत ती बंद असते. ती चालू केली की कंपनीच्या ऑडिटरला समितीचं डोमेन दिसू नये, पण चाचणीचे खोटे मेल पाठवून दोन्ही बाजूंनी तपासून मगच भरवसा ठेवा. आणि तक्रार करणारीने स्वतःच्या खासगी पत्त्यावरून लिहिलं तरी चालेल हे नोटीस बोर्डावर लावा. पदाच्या पत्त्यावरून लिहायची वेळच येऊ नये.

आणखी एक विचारते. इन्स्टॉलसोबत आलेलं ऑडिटरचं लॉगिन मूळ पासवर्डवरच आहे का? ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद ३

मालकांबद्दल. मी एका कारखान्यात एचआर सांभाळते, म्हणून सांगते. सरळ नाही म्हणू नका, 'कशासाठी हवंय' हे विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला जागा आहे. पण ती कारणाला बांधलेली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, पण तोवर थांबायचं कशाला?

आमच्याकडे ऑडिटरचं लॉगिन एकच आहे आणि त्याचा पासवर्ड दोन तुकड्यांत आहे. अर्धा संचालकांकडे, अर्धा समितीच्या अध्यक्षांकडे, दोन्ही बंद पाकिटांत. शोध घ्यायचा असेल तर कोणाचा, कोणत्या काळातला, कशासाठी हे वहीत लिहून दोघं एकत्र बसतात. काम झालं की नवा पासवर्ड, नवी पाकिटं. सुरुवातीला आमचे मालकही चिडले होते. मग त्यांना विचारलं, तुमचे आणि बँकेचे मेल अकाउंट्सच्या माणसाला आज दिसतात, हे माहीत आहे का? त्यानंतर तेच पाकिटं आणायला निघाले.

धागाकर्त्यांनो, एक राहिलं. त्या ताईंना सांगितलंत का?

प्रतिसाद १

वरच्यांशी सहमत. फक्त हे विसरू नका की ॲडमिनला मेल दिसत नसले तरी तो स्वतःसाठी नवा ऑडिटर तयार करू शकतो. आणि सर्व्हरवर ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकार असलेलं लॉगिन) आहे तो एक्स्पोर्टच्या कमांडने सगळं बाहेर काढू शकतो. म्हणजे तुम्ही. त्यामुळे ऑडिट लॉग (कोणी काय शोधलं, काय उघडलं याची नोंद) दर महिन्याला तुमच्याशिवाय कोणीतरी बघायला हवा. हे तुमच्याही भल्याचं आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांत जे झालं ते लिहितो.

ऑडिटरचं मूळ लॉगिन २०१८ पासून तसंच होतं. बदललं. अकाउंट्सच्या साहेबांचा ऑडिटर काढला, त्यांना वाईट वाटलं नाही, उलट ते विसरूनच गेले होते. मग सगळ्या युजरचे चौकोन एकेक करून उघडले. ३८ पैकी ११ जणांकडे असा पत्ता होता जो आधी दुसऱ्या कोणाचा तरी होता. ते सगळे पत्ते काढले. डिस्पॅचवाले दोन दिवस माझ्या नावाने ओरडत होते, आता कागदावर लिहून मागतात.

मालकांशी पाऊण तास बोललो. बँकेच्या मेलचा मुद्दा त्यांनाही पटला. दोन पाकिटांची पद्धत पुढच्या सोमवारपासून.

ताईंना मी परस्पर फोन केला नाही, ते माझं काम नव्हे असं वाटलं. समितीच्या अध्यक्ष मॅडमना सगळं लेखी दिलं, त्यांनी फोन केला. ताईंनी एकच विचारलं, कोणी कोणी वाचलं? मी लॉग काढला. त्या मेलवर एकच नोंद, एका दिवसाची, त्या मुलाची. अकाउंट्सच्या लॉगिनवरून तो कधीच उघडलेला नाही. ती छापील प्रत मॅडमनी त्यांना नेऊन दिली. मुलाने स्वतःहून मॅडमना लिहून दिलंय की तो कुठे बोलणार नाही.

आता समितीच्या सबडोमेनवर काम चालू आहे. वर ज्यांनी ऑडिटरला डोमेनपुरतं बांधायचं सुचवलं, त्यांना एक विचारायचं होतं. एखादा मेल कंपनीच्या पत्त्यावरून समितीच्या पत्त्याला गेला, तर त्यात दोन्ही डोमेन येणार. मग तो कंपनीच्या ऑडिटरला दिसेल ना? शनिवारी टेस्ट सर्व्हरवर करून बघणार आहे. कोणी आधी केलं असेल तर कृपया सांगा.