गेम बॉयवर विटा फोडण्याचा खेळ : रांगेतील अर्ध्याच विटा का दिसतात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
मूळ गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी मी सी या प्रोग्रामिंग भाषेत विटा फोडण्याचा खेळ लिहीत असून, पहिल्या टप्प्यातील विटांची रचना पन्हाळगडाच्या ‘तीन दरवाजा’ या कमानदार प्रवेशद्वारासारखी करण्याचा विचार आहे. प्रत्येक वीट १६ बाय ८ पिक्सेलची, दोन स्प्राइट (पडद्यावर कुठेही हलवता येणारी छोटी चित्रे) जोडून केलेली आहे. परंतु एका रांगेत दहा विटा मांडल्या की पाचच दिसतात. शिवाय चेंडू वर जाताना नीट आपटतो, मात्र छतावरून खाली परतताना विटेत पुरता शिरून मगच उलटतो. यावर काय करावे?

उत्तर १ (शिवाजी उद्यमनगर)
हे यंत्र एका आडव्या ओळीत दहाच स्प्राइट दाखवते आणि संपूर्ण पडद्यावर चाळीस, त्यामुळे पाच विटांनंतरच्या विटा गायब होणे अटळ आहे. विटा पार्श्वभूमीच्या टाइलमध्ये (८ बाय ८ पिक्सेलच्या स्थिर चौकटींत) काढाव्यात आणि स्प्राइट चेंडू व तो परतवणाऱ्या फळीसाठीच राखावेत. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, म्हणजे २० बाय १८ टाइलचा आहे. तेवढ्यात कमानी सहज बसतील. कोणती वीट शिल्लक आहे याची नोंद मेमरीतील वेगळ्या तक्त्यात ठेवावी आणि वीट फुटली की तिच्या दोन टाइल व्ही-ब्लँकच्या काळात (एक चित्र रंगवून झाल्यावर पुढचे सुरू होण्याआधीच्या विरामात) रिकाम्या कराव्यात, कारण पडदा रंगवला जात असताना व्हिडिओ मेमरीत केलेले लेखन वाया जाऊ शकते.

चेंडूचा दोष वेगाचा वाटत नाही. आपण बहुधा त्याचा वरचा डावा कोपराच तपासत आहात. जाण्याच्या दिशेकडील कडा तपासावी. आधी आडवे सरकवून टक्कर पाहावी, मग उभे, म्हणजे आडवा की उभा, कोणता वेग उलटवायचा हे आपोआप ठरते. प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराच्या सूचनाच नाहीत, म्हणून विटेचा स्तंभ व रांग काढताना भागाकाराऐवजी संख्येचे बिट (द्विमान अंक) उजवीकडे सरकवावेत; दर घराला संख्या निम्मी होते.

उत्तर २ (कोल्हापूर)
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त फळीबद्दल भर घालतो. अटारीच्या १९७६ सालच्या ‘ब्रेकआउट’मध्ये फळी फिरत्या मुठीने हलत असे, तर येथे दिशादर्शक बटणे आहेत. एकाच वेगाने सरकणारी फळी हाताला जड वाटते. बटण दाबून ठेवल्यास तिचा वेग थोडा-थोडा वाढू द्यावा. मूळ यंत्राच्या पडद्यावर वेगवान वस्तूमागे पुसट छाया रेंगाळते, तेव्हा चेंडूचा वेग एम्युलेटरवर (संगणकावर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) नव्हे, प्रत्यक्ष यंत्रावर ठरवावा. दरवाजाचे खांब न फुटणारे ठेवणार असाल, तर चेंडू त्यांच्यात अडकून एकाच मार्गाने फिरत राहील. बऱ्याच टकरांत एकही वीट फुटली नाही, तर त्याचा कोन किंचित बदलावा.