झटका बसला आणि स्पीकर मुका झाला : तुमचे अनुभव सांगा

रामबागकर (धागाकर्ता)
संक्रांतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. इंदुरात थंडी पडली की हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात आणि दाराच्या कडीलाही हात लावायची भीती वाटते. लोकरी स्वेटर डोक्यातून काढला. अंधारात बारीक ठिणग्या उडाल्या, लेकीला कौतुकाने दाखवल्या. मग त्याच हाताने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हेडफोनची पिन घालायला गेलो. चट्! बोटाला झटका बसला आणि स्पीकरवर चाललेला अभंग जागीच बंद.

पडद्यावर मात्र सगळं सुरळीत. गाणं पुढे सरकतंय, आवाजाची हिरवी पट्टी नाचतेय. तीनदा रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर (आवाज चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला. काही नाही. दुकानदाराने फोनवरच निदान केलं, "मदरबोर्ड गेला, साडेपाच हजार धरा." मी 'घरी विचारून सांगतो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर लाइट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर लावला, तर अभंग सुरू! बोर्ड गेला होता तर परत कसा आला? कोणाला असं झालंय का?

सोल्डरकाका
अहो, बोर्ड गेलाच नव्हता, अडकून बसला होता. झटक्याने चिपमधली एक नको ती वाट उघडते आणि वीज मिळत असेपर्यंत ती उघडीच राहते. याला लॅच-अप म्हणतात. रीस्टार्टने वीज तुटतच नाही. शटडाउन केलं तरी प्लग लावलेला असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्ट देतच राहतो. तुमचं काम लाइट जाण्याने झालं.

पुढच्या वेळी लाइट जायची वाट बघू नका. शटडाउन करा, भिंतीतला प्लग उपसा, स्पीकरचाही उपसा, मग कॅबिनेटचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत साठलेलं निघून जाईल. दहा मिनिटांनी लावा. तीस वर्षं हेच काम करतोय. पैसे खर्च करण्याआधी एवढं प्रत्येकाने करावं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, मग बटण दाबायचं.

आणि झटक्याला हसू नका. माणसाला तो जाणवायलाच साधारण ३००० व्होल्ट लागतात. कोरड्या हवेत गालिच्यावर चाललं तर अंगावर ३५,००० पर्यंत चढू शकतात, दमट हवेत तेच १,५०० च्या आसपास. करंट क्षणभराचा म्हणून आपण वाचतो, चिप दरवेळी वाचतेच असं नाही.

लष्करवाली, ग्वाल्हेर
आमच्याकडे जानेवारीत शाल झटकली तरी फटाके वाजतात. पण माझा किस्सा वेगळा. झटका बसला, आवाज गेला, मी दोन दिवस हळहळत बसले. नातू आला, घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारली आणि म्हणाला, "आजी, आवाज मॉनिटरकडे जातोय." आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! घाबरून मी मागच्या सगळ्या वायरी हलवल्या होत्या, त्यात विंडोजने आपल्या मनाने दुसरं आउटपुट निवडलं होतं. विजेच्या माथी उगाच खापर.

गच्चीवरचा डीजे
सगळ्यांत आधी स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाईलला लावा. वाजला तर स्पीकर बरा, दोष कॉम्प्युटरचा. नाही वाजला तर बोर्डाला शिव्या देऊ नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

लोकमान्यनगरी
माझं खरंच गेलं. हेडफोनचं पुढचं भोक मेलं, स्पीकरचं मागचं हिरवं आठवडाभर खरखरत चाललं, मग तेही गप्प. काकांचा उपाय तीनदा केला, व्यर्थ. शेवटी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घेतलं, जेमतेम अडीचशे रुपये. चार वर्षं झाली, त्यावरच चाललंय. बोर्ड बदला म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

दांडिया बाजार, बडोदा
आमच्याकडे पावसाळ्यात झटका हा प्रकारच नाही, बुरशी येते तेवढी. पण ऑफिसात एसी, खाली गालिचा, चाकांची खुर्ची. खुर्चीवरून उठलं की यूएसबी स्पीकर 'टुंग' करून गायब! हात कुठेही न लावता. सुरुवातीला कोणी विश्वासच ठेवेना. आता उठताना आधी टेबलाची लोखंडी चौकट धरते, मगच खुर्ची सोडते. आणि स्पीकर गेलाच तर वायर काढून दुसऱ्या यूएसबी भोकात लावते.

वायरमनचा नातू
सगळे झटके सारखे नसतात, याकडे कोणाचंच लक्ष नाही. चट् करून एकदाच बसला तर तो अंगावरच्या विजेचा. पण कॅबिनेटवर हात ठेवला की मुंग्या येत राहतात, स्पीकर सतत घुमतो, तर ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. करंट अगदी थोडा, पण त्या अवस्थेत पिना काढा-घाला केल्या की चिपा मरतात.

राजवाड्याच्या मागच्या आमच्या जुन्या वाड्यात हेच होतं. थ्री-पिन सॉकेट दिसायला झकास, तिसऱ्या भोकामागे वायरच नाही! त्यात कोणीतरी टू-पिन अडॅप्टर लावून ठेवलेला. पत्र्याला टेस्टर लावून बघा, दिवा पेटला तर वायरमनला बोलवा.

सोल्डरकाका
शाब्बास. मीही हे लिहायला विसरलो. आणि धागाकर्त्यांनो, पत्र्याला अर्थिंग असेल तर पिन घालण्याआधी पत्र्याच्या उघड्या भागाला हात लावा, रंगावर नव्हे, मागच्या स्क्रूवर. अंगावरची वीज तिथेच उतरते, हेडफोनच्या भोकातून आत शिरत नाही. अर्थिंग नसेल तर निम्मं संरक्षण आधीच गेलेलं.

रामबागकर (धागाकर्ता)
आत्ताच टेस्टर लावला. पेटला. अगदी लख्ख. सोळा वर्षं याच सॉकेटवर कॉम्प्युटर चालवतोय, मुंग्या येतात म्हणून बायको ओरडायची तर मी म्हणायचो, थंडीमुळे. वायरमन रविवारी येतोय. तोवर लेकीला कॅबिनेटला हात लावायची बंदी, आणि अभंग मोबाईलवर.